अडकलेला बोल्ट आणि मोटारीचे ब्रेक

मोटारगाडीच्या पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलणे हे काम मुळात फारसे अवघड नाही. चाक काढावयाचे, कॅलिपरचे बोल्ट सोडावयाचे, झिजलेले पॅड बाहेर घेऊन त्यांच्या जागी नवे बसवावयाचे. सरावाच्या कारागिराला एका चाकामागे वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. दुरुस्तीच्या पुस्तकांतही या कामाला एखादे पान दिलेले असते, आणि त्यात 'बोल्ट सोडावा' असे दोन शब्द लिहून लेखक निर्धास्तपणे पुढच्या वाक्याकडे वळतो. वाचक मात्र पुष्कळदा त्या दोन शब्दांपाशीच अडकतो. पाना लावला, जोर केला, तरी बोल्ट हलत नाही. आणखी जोर केला की पाना सटकतो, बोटांची सालटे निघतात, आणि पाहावे तो बोल्टच्या माथ्याचे सहा कोपरे झिजून तो गोल झालेला असतो. वीस मिनिटांचे काम आता दिवसभराचे होऊन बसते.

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या गुरुग्राम, फरिदाबाद, नोइडा, गाझियाबाद या शहरांत पावसाळा ओसरला म्हणजे गॅरेजांत अशा गाड्यांची रीघ लागते. मिंटो पुलाखाली किंवा अशाच एखाद्या खोलगट रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून काढलेली गाडी दोन महिन्यांनी ब्रेकमधून कुरकुरू लागते, आणि चाक उघडल्यावर सर्व बोल्टांवर तांबूस पापुद्रा चढलेला दिसतो. दाराच्या बिजागरीचा बोल्ट असा अडकला असता तर त्याला छिन्नीने उडवून मोकळे होता आले असते. ब्रेकच्या बाबतीत तसे करता येत नाही. येथे बोल्ट सोडविण्यासाठी जे उपाय केले जातात, तेल, आग, हातोडा, त्यांतील प्रत्येकामुळे ब्रेकचीच हानी होऊ शकते. आणि ती हानी बहुधा गॅरेजमध्ये दिसून येत नाही. ती पुढच्या लाल दिव्यापाशी दिसते.

ब्रेकवर पडणारा भार किती असतो, याची कल्पना एका साध्या हिशेबाने येईल. एक टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे १४० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग ताशी १०० किलोमीटर झाला की हाच आकडा ३८० किलोज्यूलच्या पलीकडे जातो. गाडी थांबविणे म्हणजे ही ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत बदलणे होय. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क सोसतात, आणि ताशी १०० वरून एकदा थांबताना त्यांचे तापमान ६० ते ७० अंशांनी वाढते. रिंग रोडवरच्या रहदारीत पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावे लागतात, तेव्हा डिस्क तापतच राहते आणि रात्री थंड होते. तिच्या शेजारचे बोल्टही तिच्याबरोबर रोज तापतात आणि निवतात.

बोल्ट म्हणजे नुसती आटे पाडलेली खुंटी, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक घट्ट केलेला बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंग असते. पाना फिरविला म्हणजे आट्यांच्या उतारावरून बोल्ट पुढे सरकतो, त्याचा माथा खालच्या भागावर टेकतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक फेऱ्यात बोल्टची दांडी किंचित लांब होत जाते. ती आखडू पाहते, आणि या आखडण्याच्या बळानेच दोन भाग एकमेकांशी आवळलेले राहतात. १२ मिलिमीटर व्यासाचा चांगल्या पोलादाचा बोल्ट योग्य प्रकारे आवळला तर त्याच्यात सुमारे चार टन वजनाइतका ताण निर्माण होतो. मात्र पान्यावर केलेल्या श्रमांपैकी जेमतेम एक दशांशच या ताणासाठी उपयोगी पडतात. जवळजवळ निम्मे श्रम माथ्याखालच्या घर्षणात आणि उरलेले आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतात. बोल्ट सोडताना झगडावे लागते ते याच दोन ठिकाणच्या घर्षणाशी. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सर्व उपाय आपोआप उलगडतात, कारण प्रत्येक उपाय यांपैकी एका घर्षणावर चालतो.

आता गंजाविषयी. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. आट्यांच्या बारीक फटीत पाणी शिरले, तेथे गंज धरला, की तो फुगून फट भरून काढतो आणि बोल्ट पाचरीने ठोकल्यासारखा घट्ट होतो. कॅलिपर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि बोल्ट पोलादाचा असेल तर आणखी एक प्रकार घडतो. दोन निराळे धातू ओल्या धुळीत एकमेकांस टेकले की तेथे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. तीत ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत गच्च बसते.

गंजाचा विषय दिल्लीत निघाला आणि मेहरौलीच्या लोहस्तंभाचे नाव निघाले नाही, असे सहसा होत नाही. गुप्तकाळातील सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा, सव्वासात मीटर उंचीचा आणि सहा टनांहून जड असलेला हा स्तंभ उघड्यावर उभा असूनही गंजून गेला नाही. मग त्याच शहरातील बोल्ट दोन पावसाळ्यांत का गंजतो, असा प्रश्न सहज पडावा. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा दीर्घ अभ्यास केला. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे, त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ, दाट थर जमतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो, असे त्यांनी दाखविले. आजचे पोलाद तयार करणारा मात्र फॉस्फरस प्रयत्नपूर्वक काढून टाकतो, कारण त्याच्यामुळे पोलाद ठिसूळ होते. स्तंभाला नुसते उभे राहावयाचे आहे, बोल्टला ताण सोसून लवचीकही राहावयाचे आहे. म्हणून बोल्ट गंजतो, आणि तो गंजणारच हे धरून चालावे लागते.

हत्याराला हात घालण्यापूर्वी बोल्ट नेमका कशामुळे अडला आहे, ते ओळखले पाहिजे. हे पाच मिनिटे थांबून पाहण्याचे काम बहुतेक जण टाळतात. पहिली शंका दिशेची घ्यावी. माथ्याकडून पाहिले असता बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. पण कॅलिपरचे बोल्ट गाडीच्या आतल्या बाजूने बसविलेले असतात, आणि चाकाच्या कमानीखाली वाकून, मान तिरपी करून काम करणारा मनुष्य दिशा चुकतो. सोडतो आहोत असे समजून बोल्ट अधिक आवळणाऱ्यांची संख्या थोडी नाही. जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे तर मुळातच उलटे असत.

दुसरा प्रकार फसवा आहे. बोल्ट सहज फिरतो, फिरतच राहतो, पण बाहेर येत नाही. आटे गेले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पुष्कळ गाड्यांत कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिनांतच हे बोल्ट बसविलेले असतात, आणि बोल्टबरोबर आतली पिनच फिरत असते. पिनेच्या मुळाशी दोन सपाट बाजू असतात. तेथे पातळ पाना धरून पिन रोखली की बोल्ट निमूटपणे सुटतो. आटे खरोखरच गेले असतील तर मात्र माथ्याखाली पेचकसाचे पाते किंवा पातळ पट्टी घालून बोल्ट बाहेरच्या बाजूस ओढत राहावे आणि त्याच वेळी पाना फिरवावा. शाबूत उरलेल्या एखाद-दुसऱ्या आट्याला धरून तो बाहेर येतो.

दिल्लीच्या गॅरेजांत या अवस्थेला 'चूडी मर गई' असे म्हणतात. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या मनुष्याला हे ऐकून क्षणभर दचकावयास होते. तेथे आट्यांना चूडी, बोल्टला काबला, नटाला ढिबरी आणि सॉकेटला गोटी म्हणण्याची रीत आहे. ब्रेकच्या अस्तराला तर आजही लेदर म्हणतात. पूर्वी ब्रेकला कातड्याचे अस्तर लावीत, त्या काळाची ही खूण असावी. कातडे केव्हाच गेले, शब्द राहिला.

बोल्टचा माथा गोल होण्यास गंजापेक्षा पाना अधिक जबाबदार असतो, आणि याला दिल्लीत एक इतिहास आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांची प्रमाणित मापे सुचविली आणि ती इंचांत होती. पुढे मापे बदलली तरी इंग्रजी घडणीच्या मोटारींत इंच टिकून राहिला, आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेल्या अँबॅसडरबरोबर तो भारतात रस्तोरस्ती पोहोचला. अँबॅसडर ही दिल्लीत मंत्र्यांची गाडी होती आणि टॅक्सीवाल्याचीही. तिच्या जोडीला इटालियन फियाटवरून बनविलेली, मिलिमीटर मापाची प्रीमियर पद्मिनी होती. मग १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून जपानी घडणीची मारुती ८०० बाहेर पडली आणि मिलिमीटरचे राज्य पक्के झाले. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. परंतु या सर्व काळात कारागिराच्या पेटीत दोन्ही मापांचे पाने एकमेकांत मिसळत गेले, आणि ते उस्तादाकडून शागिर्दाकडे वारशाने येत राहिले.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या मापाच्या माथ्यावर १३ मिलिमीटरचा पाना सहज बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल बसतो. नऊ षोडशांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, म्हणजे तो पाना १४ च्या माथ्यावर सैल पडतो. पाव मिलिमीटरची ही सैल जागा डोळ्यांना दिसत नाही. पण तीमुळे पाना माथ्याच्या बाजूंवर न टेकता केवळ कोपऱ्यांवर टेकतो, आणि सारा जोर त्या सहा कडांवर येतो. नव्या बोल्टच्या कडा हे सहन करतात, गंजलेल्याच्या करीत नाहीत. पौन इंच आणि १९ मिलिमीटर यांत मात्र केवळ ०.०५ मिलिमीटरचे अंतर आहे, आणि येथे एकाचे काम दुसऱ्याने भागते. या एका योगायोगामुळेच 'सगळे पाने चालतात' हा समज बळावला असावा.

तेव्हा पहिला नियम असा की, अडकलेल्या बोल्टला उघड्या तोंडाचा पाना कधीही लावू नये. सहा कोनांचा सॉकेट किंवा रिंग पाना घ्यावा. बारा कोनांचा सॉकेट लावण्यास सोयीचा असतो, परंतु तो माथ्याला कोपऱ्यांजवळच पकडतो. सहा कोनांचा बाजूंवर दाबतो. माथ्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा आणि सॉकेट तळापर्यंत बसला आहे याची खात्री करावी. अर्धवट बसलेल्या सॉकेटने गोल केलेले बोल्ट गंजाने गोल झालेल्यांपेक्षा अधिक असतील.

यानंतर तेल. गंजात झिरपणारे पातळ तेल फवाऱ्याच्या डब्यात मिळते. ते लावून लगेच पाना उचलण्यात अर्थ नाही. फटीत शिरण्यास त्याला वेळ लागतो. संध्याकाळी लावून सकाळी काम करणे उत्तम, निदान अर्धा तास तरी थांबावे आणि मधून मधून बोल्टच्या माथ्यावर हलके ठोके द्यावेत. ठोक्यांनी गंजाचा पापुद्रा तडकतो आणि तेलाला वाट मिळते. परंतु येथेच ब्रेकचा धोका सुरू होतो. ब्रेकमधील रबरी वाट्या आणि सील हे ग्लायकोल वर्गातील ब्रेक ऑइलला टिकतील अशा रबराचे असतात. ब्रेक ऑइल म्हटले तरी ते खनिज तेल नव्हे. खनिज तेल, रॉकेल, डिझेल यांचा या रबराला स्पर्श झाला की ते फुगते, मऊ पडते, आणि काही दिवसांनी पिस्टन अडकतो किंवा गळू लागतो. सुटे केलेले भाग डिझेलच्या परातीत बुडवून धुण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. गिअरबॉक्सपुरती ती ठीक असेल. ब्रेकच्या बाबतीत ती घातक आहे. म्हणून झिरपणारे तेल फवारू नये. ते झाकणात थोडे काढून घेऊन काडीने किंवा बारीक कुंचल्याने नेमके आट्यांवर लावावे. पॅड आधी काढता येत असतील तर काढावेत, डिस्कवर फडके झाकावे. पॅडने तेल शोषले तर तो धुऊन चांगला होत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

पाना लावल्यावर एकदम सोडण्याच्या दिशेने सर्व ताकद लावणे ही सहज होणारी चूक आहे. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने नेट द्यावा. बोल्ट केसभर जरी हलला तरी गंजाचा बंध तुटतो. स्थिर घर्षण हे चालत्या घर्षणापेक्षा नेहमीच मोठे असते. मग सोडण्याच्या दिशेला पाव फेरा, पुन्हा थोडा मागे, असे पुढे-मागे करीत तेल आत ओढून घ्यावे. सलग जोराने दांडी पिळवटून तुटते, पण लहान झटक्याने ती सुटते. पान्याच्या टोकावर हाताच्या तळव्याने दिलेला झटका पुष्कळदा पाइप घालून लांब केलेल्या पान्यापेक्षा अधिक काम करतो.

जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांत डिस्क किंवा ड्रम जागेवर धरून ठेवण्यासाठी चपट्या माथ्याचे दोन पेच असतात. त्यांच्या माथ्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते. जपानी खाच आणि फिलिप्स नावाने ओळखली जाणारी खाच या दिसायला सारख्याच, पण त्यांची घडण थोडी भिन्न आहे. फिलिप्सचा पेचकस अशा खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर देताच वर उसळतो आणि खाच खरवडून टाकतो. या पेचांसाठी ठोक्याचा पेचकस वापरावा. त्याच्या मुठीवर हातोडा मारला की टोक खाचेत दाबले जाते आणि त्याच क्षणी थोडे फिरते. दिल्लीत अजमेरी गेटजवळच्या श्रद्धानंद मार्गावरील हत्यारांच्या दुकानांत तो सहज मिळतो. मागच्या चाकाचा ड्रम धुरीवर गंजून बसला असेल तर त्यावर चहूबाजूंनी घणाचे घाव घालण्याआधी हँडब्रेक मोकळा आहे ना, ते पाहावे. आणि ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छिद्रे आहेत का, तेही शोधावे. पुष्कळ गाड्यांत ती असतात. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेले की ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. ड्रमच्या आतली धूळ मात्र फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांत जाऊन बसतात. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी.

आगीचा उपाय सर्वांत प्रभावी, म्हणून सर्वांत जपून करावयाचा. पोलाद तापले की प्रसरण पावते, ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. भोवतालचा भाग तापवून बोल्ट थंड ठेवता आला तर छिद्र मोठे होते आणि पकड ढिली पडते. तापलेल्या बोल्टला मेणबत्ती टेकविली की वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. ही जुनी युक्ती खरोखर उपयोगी आहे. पण कॅलिपरमध्ये रबर आहे आणि ब्रेक ऑइलही आहे. रबर साधारण दीडशे अंशांपलीकडे खराब होऊ लागते. नव्या डॉट ३ वर्गाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण हवेतील ओल शोषून तो १४० पर्यंत उतरू शकतो. नळी जोडलेली असताना कॅलिपर तापविला तर आत वाफ होते, आणि सील जळाले तरी बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून ज्या कॅलिपरला किंवा सिलिंडरला आग दाखविली त्यातील सर्व रबरी भाग बदलावेत, हा नियम कसोशीने पाळावा. दुसरा धोका प्राणघातक आहे. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात. त्यांचा अंश उरलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग लावले तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेलेला तो हाच वायू.

माथा गोल झालाच तर त्यापुढे चढत्या क्रमाने जावे. कानशीने माथ्याच्या बाजू घासून तो एका मापाने लहान करावा आणि त्यावर घट्ट बसणारा सॉकेट हातोड्याने ठोकून बसवावा. अडकून राहणारी पकड, जिला कारागीर वाइस ग्रिप म्हणतात, माथ्यावर आवळून पाहावी. छिन्नी माथ्याच्या कडेवर तिरपी ठेवून सोडण्याच्या दिशेने ठोकावी. शेवटचा उपाय म्हणजे माथ्यावर एक नट ठेवून तो आतून वेल्ड करणे. यात नट मिळतो आणि उष्णताही मिळते, त्यामुळे बोल्ट बहुधा सुटतोच. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात आणि वेल्डिंगची दुसरी तार त्याच भागावर, बोल्टच्या जवळ जोडावी. ती दूर जोडली तर वीजप्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पाडून ते निकामी करतो.

ब्लीडर निपलला यांतले काहीच लागू करता येत नाही, इतके ते नाजूक असते. ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढण्यासाठी असलेला हा लहानसा पोकळ पेच आवळण्यास आठ-दहा न्यूटन-मीटर परिबल पुरते. चाकाच्या नटाला त्याच्या दहापट लागते. पोकळ असल्यामुळे जोर करताच तो पिळवटून मुळाशी तुटतो. त्याच्या छिद्रात नेमक्या जाडीची पोलादी काडी, ड्रिलची मागची दांडी चालते, घालून ठेवली तर तो आत दबत नाही. मग भोवती ठोके, तेल, थोडा धीर, पुन्हा ठोके. इतके करूनही तो तुटला तर मागच्या ड्रमचा व्हील सिलिंडर नवा आणणे हेच शहाणपणाचे आहे. तो फार महाग नसतो, आणि काश्मिरी गेटच्या घाऊक बाजारात जुन्यातल्या जुन्या गाडीचाही मिळण्याची शक्यता असते. नळीच्या जोडाचा नटही असाच नाजूक. त्याला साधा पाना न लावता नळीवरून घालता येईल अशी एका बाजूला फट असलेला, नटाच्या पाच बाजू धरणारा पाना लावावा. आणि नटाबरोबर नळी पिळली जात नाही ना, याकडे सतत लक्ष ठेवावे. पिळलेली नळी सरळ करून वापरू नये.

बोल्ट छिद्रातच तुटून राहिला तर ड्रिल करण्यावाचून गत्यंतर नसते. येथे सारे यश पहिल्या टिंबावर अवलंबून आहे. तुटलेला पृष्ठभाग कानशीने सपाट करावा, बरोबर मध्यावर पंचाने खूण करावी, आणि बारीक ड्रिलने सुरुवात करावी. ड्रिल उलट्या फेऱ्याचे मिळाले तर उत्तम. भोक पाडता पाडताच त्याच्या ओढीने बोल्ट बाहेर आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यानंतर निमुळता, उलट्या आट्यांचा काढा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, भोकात ठोकून फिरवावा. त्याच्यावर अतिरेकी जोर करू नये. तो अत्यंत कठीण पोलादाचा असतो, आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही, आणि मग मूळ अडचणीपेक्षा मोठी अडचण उभी राहते. जो बोल्ट माथा शाबूत असताना सुटला नाही, तो बारीक काढ्याने सुटेल अशी आशा बाळगणे फारसे सयुक्तिक नाही. अशा वेळी भोक क्रमाक्रमाने मोठे करीत जावे. आठ मिलिमीटरच्या, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांना ६.८ मिलिमीटरचे भोक लागते. तेथपर्यंत पोहोचल्यावर उरलेली आट्यांची जाळी टोकाने उचकटून काढता येते आणि टॅप फिरवून आटे साफ करता येतात.

छिद्रातले आटेच गेले असतील तर मोठे भोक पाडून त्यात पोलादी तारेची वेटोळी बसविण्याची पद्धत आहे. ती नीट केली तर मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षाही मजबूत ठरते. पण कॅलिपर ज्यावर बसतो त्या आधाराच्या बाबतीत हा प्रयोग घरी करू नये. तो भाग बदलावा. छिद्रात कापड किंवा पत्र्याची पट्टी घालून बोल्ट 'बसवून देणारा' कारागीर भेटला तर गाडी तेथून टो करून न्यावी.

नवा बोल्ट घेताना त्याच्या माथ्यावरचे आकडे वाचावेत. ८.८ या आकड्यांपैकी पहिला सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताणाला तुटते. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत ते कायमचे लांबत नाही. १०.९ चा बोल्ट याहून बलवान असतो. माथ्यावर काहीच नसलेला, चकचकीत मुलामा दिलेला बोल्ट मापात तंतोतंत बसला तरी तो फाटकाच्या कडीचा असू शकतो. मायापुरीच्या भंगार बाजारात जुन्या गाड्यांचे कॅलिपर बोल्टांसकट मिळतात. कॅलिपर तपासून घेता येतो. बोल्ट पूर्वी किती ताणला गेला होता हे मात्र पाहून कळत नाही, तेव्हा बोल्ट नवाच घ्यावा. नळी कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे तांब्याचे वॉशरही प्रत्येक वेळी नवे घालावेत. एकदा दबलेले तांबे दुसऱ्यांदा तितके नीट दबत नाही.

बसविताना आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत आणि पहिले काही फेरे बोटांनीच द्यावेत. बोटांनी न फिरणारा बोल्ट तिरका शिरत असतो. पुन्हा अडकू नये म्हणून आट्यांना भरपूर वंगण लावण्याचा मोह होतो. वर घर्षणाचा जो हिशेब दिला आहे, तो येथे उलटतो. वंगणाने घर्षण कमी झाले की तेवढ्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो, आणि पुस्तकात दिलेले परिबल कोरड्या आट्यांसाठी असेल तर बोल्ट मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. चाकांच्या नटांना म्हणून तेल लावू नये. सरकत्या पिनांना वंगण हवेच, पण ते ब्रेकसाठी बनविलेले. सर्वसाधारण पिवळे ग्रीस नव्हे, त्यात खनिज तेल असते. शेवटचा फेरा टॉर्क पान्याने द्यावा. लहान कारचे चाकाचे नट सामान्यतः ८५ ते ११० न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात, कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा.

गाडी जॅकवरून उतरविल्यावर इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचे पेडल दाबून पाहावे. पॅड बसविताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या तीन-चार दाबांत पेडल थेट तळाला जाते. नवखा मनुष्य हे विसरून गाडी गॅरेजबाहेर काढतो आणि समोरच्या भिंतीवर नेतो. पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे, टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, कोणी तरी पेडल धरून ठेवले असताना प्रत्येक जोडाखाली बोट फिरवून ओल लागते का ते तपासावे. मग गाडी मोकळ्या गल्लीत, पायी चालण्याच्या वेगाने नेऊन दोन-चार वेळा थांबवून पाहावी. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाच्या नटांवर टॉर्क पाना पुन्हा एकदा लावावा.